तुझ्या आईचं बीपी

प्रिय केर्विन,

मावशीचं पत्र पाहून घाबरू नकोस. तुझी आई चालती-फिरती आहे, आणि कालच माझ्या खाऱ्या मासळीत मीठ फार झालं म्हणून तिनं मला शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं. फोन करायचा सोडून लिहायला बसले, कारण फोनवर मी चिडते, तू गप्प बसतोस आणि मग हवापाण्याच्या गप्पा मारून आपण फोन ठेवतो. या वेळी तसं चालणार नाही. तिचं ऑपरेशन ठरलंय पुढच्या महिन्यात, राजधानीत सेंट जॉर्जेसला, आणि बाई काही केल्या तयार होत नाही.

सुरुवातीपासून सांगते. जायफळाच्या गोदामात ती नेहमीसारखी जायफळं निवडत बसली होती. उठायला गेली तर पायांनी साफ नकार दिला, आणि ती तिथंच पोत्यांवर कोसळली. बायका धावल्या, पाय चोळले, तोंडावर पाणी मारलं, आणि मग पहिला प्रश्न काय विचारला असेल? आयँथी, कोणी गं तुझ्या जिवाला घोर लावला? काय खाल्लंस, कुठं दुखतंय, काही नाही. आपल्या गावात एखाद्या बाईचं बीपी चढलं की औषधाच्या आधी गुन्हेगार शोधतात. नवरा पितो का, सून उलट बोलते का, पोरगा बिघडलाय का. नर्स ओडेटबाई दर रविवारी चर्चच्या अंगणात टेबल टाकून बीपी मोजतात, आणि आकडा वाचून झाला की सगळ्या बायका त्या बाईच्या पोरांकडे वळून बघतात. तू हे लहानपणापासून बघितलंयस, तुला काय सांगायचं.

पण या खेपेला दवाखान्यात एक नवी क्यूबन डॉक्टर होती, यानेलिस नावाची, अगदी पोरसवदा. तिनं कोणाचंच नाव विचारलं नाही. तीन-तीन गोळ्या चालू असून बीपी का उतरत नाही, हेच तिला खटकलं. रक्त तपासलं तर पोटॅशियम तळाला गेलेलं. मग आणखी तपासण्या, मग पोटाचं स्कॅन. शेवटी तिनं आम्हा दोघींना बसवून कागदावर चित्र काढून समजावलं. प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिच्यातून अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन निघतं, आणि शरीरात मीठ किती ठेवायचं ते हे हार्मोन ठरवतं. तुझ्या आईच्या डाव्या ग्रंथीत एक बारकी गाठ आहे, आणि ती कोणाचं ऐकत नाही. गरज असो नसो, हार्मोन सोडतच राहते. मग अंगात मीठ साठतं, मिठापाठोपाठ पाणी, आणि रक्ताचा दाब चढतो. पोटॅशियम मात्र लघवीवाटे निघून जातं, म्हणून पाय लुळे पडतात. एवढ्या दाबाशी झगडून झगडून तिच्या हृदयाची भिंत जाड झालीय. असंच चालू राहिलं तर एक दिवस हृदय तरी थकेल, नाहीतर डोक्यातली शीर तरी फुटेल, असं त्या पोरीनं तोंडावर सांगितलं. गाठ एकाच बाजूला आहे, काढली तर बराच फरक पडेल, असंही म्हणाली.

मग तिनं विचारलं, पायात गोळे कधीपासून येतात? मीच सांगितलं, वादळात घराचं छप्पर उडालं त्या सालापासून. रात्रीतून चार वेळा लघवीला उठायची आणि पायाला गोळा आला की मला हाक मारायची. तेव्हा तू शाळेत होतास रे, निळ्या चड्डीत, गुडघे कायम फुटलेले. डॉक्टर म्हणाली, म्हणजे हे दुखणं तेव्हापासूनचं असणार. तुझ्या आईनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

आता त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेली ती कार्निव्हलची पहाट आठव, म्हणजे मी काय सांगतेय ते तुला कळेल. तू सैतानाचं सोंग घेऊन जॅब झाला होतास, अंगाला काळं तेल, डोक्यावर शिंगं, कमरेला साखळ्या. चर्चच्या न्याहारीसाठी पावाची टोपली घेऊन ती वळणावर आली, तुझ्या चालीवरून तिनं तुला ओळखलं आणि भर रस्त्यात पडली. ओडेटबाईंनी दोनशेवीसचा आकडा मोठ्यानं सांगितला आणि अख्ख्या गावानं निकाल दिला, की सैतान झालेल्या पोरानं आईचा जीव घ्यायचाच बाकी ठेवला होता. त्याच आठवड्यात तिनं तुझी पेटी दाराबाहेर ठेवली. माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा येऊ नकोस म्हणाली. तू त्रिनिदादला वेल्डिंग करायला गेलास आणि नाताळची भेट तेवढी पाठवत राहिलास. मी तेव्हाही तिच्याशी भांडले होते. गावातली अर्धी पोरं जॅब होतात आणि त्यांच्या आया ठणठणीत आहेत, असं मी तिला म्हटलं होतं. पण माझं कोण ऐकतंय.

ऑपरेशनला नाही म्हणायची कारणं तिच्याकडे रोज नवी असतात. कोंबड्यांना दाणे कोण टाकणार. भूल दिली आणि जागच आली नाही तर. डॉक्टर अजून लहान आहे. बरं, त्या हार्मोनला आवर घालणारी गोळीही दिलीय, तर ती मला फडक्यात बांधून उशीखाली ठेवलेली सापडली. माझं डोकंच फिरलं. परवा परसात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तिथं मी तिला धारेवर धरलं. मरायचंच असेल तर स्पष्ट सांग, मी चर्चमधली तुझी जागा दुसरीला देऊन टाकते, म्हटलं.

तेव्हा ती बोलली. खाली मान घालून, शेंगा सोलता सोलता. म्हणाली, क्लोटिल्डा, त्या गाठीनंच सगळं केलं असेल, तर मग माझ्या पोरानं काय केलं होतं गं? मग म्हणाली, राहू दे ती गाठ. त्याला विनाकारण घराबाहेर काढलं, तेवढं तरी मला भोगू दे. आणि परत शेंगा सोलायला लागली.

म्हणून लिहितेय, बाळा. मी बोलून थकले, डॉक्टर बोलून थकली, पास्टरसुद्धा येऊन गेले. ही शिक्षा तिची तिनंच ठरवलीय, आणि ती उठवायचा हक्क तुझ्याशिवाय कोणाला नाही. माफ केलं वगैरे म्हणू नकोस, तिला ते पेलवणार नाही. तुझा राग गेला नसेल तर रागावलेलाच ये. वाटल्यास तिच्याशी कडाकडा भांड, तुझी सगळी वर्षं तिच्याकडून मागून घे. पण भांडून झालं की तिच्या हाताला धरून तिला इस्पितळात ने. तुला तिच्याकडून काही परत हवं असेल, तर ते द्यायला ती जगायला हवी ना रे.

वाट पाहणारी, तुझीच,
क्लोटिल्डा मावशी