विमान पाठवतो, ये

प्रिय सुलेखाताई,

हे पत्र तुला पाठवायचा धीर होणार नाही, तरी लिहिते.

खडकवासल्याला शिकायला आलेल्या परदेशी कॅडेटशी मी लग्न केलं, तेव्हा तू बोलणं सोडलंस. पुढे तो त्याच्या देशाचा सत्ताधीश झाला. गेल्या वर्षी बंड झालं, त्याला कैद केलं आणि मी इथे अमेरिकेत, बॉथेलला लेकीकडे आले.

काल त्याचा फोन आला. "सैन्याने मला सोडवलं. राजवाडा परत आपला आहे. विमान पाठवतो, ये."

"तूच इकडे ये," मी म्हणाले.

"मला जमणार नाही."

"मलाही."

मी थोडी रडले आणि नातीला, केयाला, आणायला गेले. शाळेबाहेर एका मराठी मुलीने विचारलं, "काकू, काका काय करतात?"

"सैन्यात असतात."

"आणि तुम्ही?"

"मी केयाला न्यायला येते."

ताई, हे सांगताना मला फार बरं वाटलं.

तुझीच,
रेणू