सुवाचं वाचन

राजूर, ता. ८ ऑगस्ट १९७१

ती. सौ. आक्कास,
लीनाचा सप्रेम सलाम. वि. वि.

सुवार्तेसाठी पाठवलेला स्वेटर पोचला. दोन्ही बाह्या सारख्या झाल्यात, त्यामुळे तो तू विणलेला नाहीस अशी यांना शंका आहे.

गोवरातून उठल्यापासून आमची सुवा अशक्तच आहे. शाळेच्या वाटेत ओढा, पाऊस थांबायचं नाव नाही, आणि हे दवाखान्याची औषधं घेऊन वाड्यावाड्यांतून हिंडतात. तेव्हा चुलीपाशीच माझी शाळा भरते. आक्का, सात वर्षांची पोर, पण मला रडकुंडीला आणते गं. इकडे ओलं सरपण धुमसतं, तिकडे ही पाटी नाकाला लावून बसते. सरळ बसवली की पुन्हा तेच. अक्षर काढून दिलं तर ओळ सोडून भलतीकडेच गिरवते. काल मी हातावर पट्टी मारली, मग आत जाऊन रडत बसले. रोज पहाटे प्रभूकडे एकच मागते, मला धीर दे. दुपारपर्यंत तो संपलेला असतो.

आणि गंमत बघ, संध्याकाळच्या प्रार्थनेला हीच पोरगी बायबलवर बोट फिरवत आख्खं स्तोत्र घडाघडा वाचते. म्हणजे येतं सगळं, पाटीचाच तेवढा कंटाळा. लबाड आहे, दुसरं काय.

तुझ्या प्रार्थनेत आम्हाला जागा असू दे.
तुझी,
लीना


अहमदनगर, ता. २० ऑगस्ट १९७१

चि. सौ. लीनास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. आई बाराखडी शिकवायला बसली की तू पाटीवर पाणी ओतून पळायचीस, ते विसरलीस वाटतं. खाण तशी माती. माझ्या वर्गातल्या मुलीही रोज डोकं उठवतात. राग आला की मी मनात प्रभूची प्रार्थना म्हणते. क्षमा मागायच्या ओळीपर्यंत हात आपोआप खाली येतो. तू करून पाहा.

एक शंका मात्र येते. आपल्या घरात पोरं बोलायला लागायच्या आधीपासून स्तोत्रं ऐकतात. सुवा वाचते की नुसती म्हणते? तिनं कधी न ऐकलेलं काही वाचायला दे. लबाडी असली तर उघडी पडेल.

शामकांतरावांना सलाम सांग. स्वेटर मीच विणलाय, हेही सांग.
तुझी,
सुनीतीआक्का


राजूर, ता. १२ सप्टेंबर १९७१

ती. आक्कास,
सप्रेम सलाम.

तू सांगितलंस तसं केलं. बायबलऐवजी यांचं औषधांचं तेवढंच जाड पुस्तक तिच्यापुढे उघडून ठेवलं. सुवानं बोट टेकलं आणि मेंढपाळाचं स्तोत्र सुरू केलं, एकही शब्द न अडखळता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्षमेच्या ओळीपर्यंत कुठली जातेय मी, पहिला शब्दही आठवला नाही. देवासमोर खोटं वागतेस म्हणून थोबाडीत दिली. पुस्तक खाली पडलं. आक्का, ते तिच्या गुडघ्यापाशी कंदिलाच्या उजेडात पडलं होतं, आणि ती दुसऱ्याच बाजूला हातानं चाचपत होती.

यांनी जवळ घेऊन विचारलं तेव्हा म्हणाली की गोवर झाल्यापासून अक्षरं पुसट पुसट होत गेली. सांगितलं का नाहीस म्हटलं, तर म्हणाली की तिला वाटलं सगळे असंच वाचतात. बाबा तर डोळे मिटूनच वाचतात. पुस्तक उघडायचं, बोट फिरवायचं आणि पाठ असलेलं म्हणायचं, यालाच ती वाचणं समजत होती. आम्ही रोज तिच्यासमोर तेच करत होतो गं. पाटी नाकाला का लावते हे मला कळलं नाही, आणि हे दवाखान्यात असून यांनाही कळलं नाही.

सोमवारच्या एस.टी.नं तिघं नगरला येतोय. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेव.
तुझी,
लीना


राजूर, ता. २५ जून १९७२

ती. आक्कास,
सप्रेम सलाम.

सुवाला पुण्याला अंध मुलींच्या शाळेत सोडून परवा आलो. डोळ्यामागची शीर सुकली, गेलेली नजर येणार नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. तरी मी शाळेच्या फाटकापर्यंत चमत्काराची वाट पाहत होते.

तिथल्या बाईंनी तिचं बोट उठावाच्या ठिपक्यांवर ठेवलं. तिनं लगेच स्तोत्र सुरू केलं. बाईंनी हळूच थांबवून सांगितलं की इथं फक्त क आहे. सुवा पुन्हा पुन्हा बोट फिरवून पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं की इथं खरंच काही लिहिलेलं असतं का.

घर खायला उठतं. शेजारची बनुबाई म्हणते, पोरगी शिकंल, तुमी रडू नगा, लई गुणाची हाय. पट्टी मी चुलीत घातली. काल दूध उतू गेलं, सगळी चूल भिजली, आणि मला रागच आला नाही. नुसती बघत उभी राहिले.

पुण्याला गेलीस तर तिला भेटून ये. आमच्यावर माया आहे तशीच ठेव, आणि सुवासाठी प्रार्थना करीत जा. माझ्यासाठी मात्र आता धीर मागू नकोस. तो मिळाला, आणि ज्या पोरीसाठी मागत होते ती घरात नाही.
तुझी,
लीना