सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही

४ जानेवारी ९८, रविवार. नेरूळ.
लिही. सुधारू नकोस, बोलते तसंच लिही. आणि वर घाल की लिहिणारी माझी नात रेखा आहे. हिचे पाय लहानपणीच पोलिओनं नेले, हात आणि जीभ धड आहेत. मला अक्षर येत नाही, पण ओळ केवढी झाली ते दिसतं. मघाशी एवढं बोलले आणि हिची ओळ बोटभर. विचारलं तर म्हणते, "सगळं आलंय, आजी." बघू.

विषय असा. हिला जुईनगरला स्टेशनाबाहेर टेलिफोनचं बूथ मिळालंय. आता तिथंच जवळ तळमजल्याची खोली घेऊन मैत्रिणीबरोबर राहायचं म्हणते. मैत्रीण शोभा, कुबड्यांवर चालणारी. मदतीला बाई ठेवायची, ती ह्या दोघींनीच निवडायची, कामही ह्यांनीच शिकवायचं. माझा दत्ता, हिचा बाप, म्हणाला, "आजी हो म्हणाली तर जा." म्हणजे पोरीला नाही म्हणायचं काम आईच्या गळ्यात. हुशार आहे माझा लेक.
महिनाभर बाई इथं येऊन काम करणार. मी बघणार.

६ जाने., मंगळ.
बाई आली. वंदना. जुईनगर गावातली, आगरी. चेहरा गोड. गोड चेहऱ्यावर माझा विश्वास नाही.
पदर खोचला, हात धुतले आणि उभी राहिली. नुसती उभी. म्हटलं, "काय, फोटो काढायचाय?"
"ताई सांगल तवा."
मग रेखाबाई सांगणार: आधी खुर्चीचा ब्रेक लाव. डावीकडं ये. कमरेला धर, काखेत नको. तेव्हा ही हलणार. तेवढ्या वेळात मी पोरीला आंघोळ घालून, वेणी घालून, चहा पाजून मोकळी झाले असते.
नाव ठेवलं, खांबबाई. रेखा लिहिताना नाक मुरडतेय. मुरड.

९ जाने., शुक्र.
साखरेच्या डब्यात बोटानं रेघ ओढून ठेवली होती. रेघ जागेवर. म्हणजे तिनं ती बघितली असणार.
आज रेखाच्या अंगावर लाल ओढणी. मी रोज निळी देते. म्हटलं, ही कुणी काढली? रेखा म्हणते, "मी सांगितली. मला लाल आवडते."
कधीपासून?
"तू विचारलंस कधी?"
बाईनं कान भरलेत. दुसरं काय.

१२ जाने., सोम.
मोरीत धप्प आवाज. धावले. रेखा ओल्या फरशीवर, आणि खांबबाई शेजारी गुडघे टेकून, हात स्वतःच्या मांडीवर. उचलत नाही. म्हटलं, उचल.
"थांब आजी. ताई बोलल तवर नाय."
रेखा डोळे मिटून पडलेली. मी काखेत हात घालायला वाकले तर ह्या बयेनं माझा हात धरला. माझा. "ताईला खांदा बघू दे आधी."
मग रेखानं डोळे उघडले, खांदा फिरवून बघितला, इथं धर, तिथं धर सांगितलं, आणि बाईनं उचलून खुर्चीत बसवली. मी टॉवेल दिला, अंग पुसलं, आणि मग खांबबाईला चालती केली. चपला दाराबाहेर ठेवल्या.
फेकल्या लिही. ठेवल्या कुठं.

१३ जाने.
काल ही लिहायला कुरकुरत होती. आज लिहितेय, पण अक्षर मोठं काढतेय, ओळ लवकर भरावी म्हणून. मला कळतं.
बूथ बंद. तिथं न्यायला, उतरवायला माणूस नाही. मी नेते म्हटलं तर नको.
म्हणते, "पडले तर उठायचं कसं ते मला माहीत आहे, आजी. तू काखेत धरून ओढलंस की खांदा सरकतो. डॉक्टर तुझ्यासमोर बोलले होते. तू म्हणालीस, मी काय आज उचलतेय का."
मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर ऐकू आलं नसेल. हे लिहू नको.
लिहिलंस ना?

१४ जाने., संक्रांत.
लाडू वळले. एक डबा बाजूला भरला. कुणासाठी ते विचारू नये.
रिक्षा करून जुईनगर गावात गेले, घर विचारत विचारत. वंदना ओटीवर कोळंबी सोलत बसली होती. "आजी? कुनी पाठवलाय तुला?"
"कुणी नाही. रेखानं तर नाहीच. ती कालपासून बोलत नाही माझ्याशी."
बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि मग समोर उभी. डबा पुढं केला तर हात पुढं येईना. शेवटी म्हटलं, "घे. सांगतेय मी."
तेव्हा हसली.
उद्यापासून ये म्हणाले. म्हणून काही माझं मत बदललेलं नाही. दत्ताला हो म्हटलेलं नाही, हे ठळक काढ.

१९ जाने., सोम.
बूथ चालू. दोघी सकाळी जातात, संध्याकाळी येतात, येताना हसत येतात. कशाला हसतात ते सांगत नाहीत. संशय घ्यायला जागा आहे.
रेखानं वेणी स्वतः घातली. वाकडी. मी हात पुढं केला होता, मागं घेतला. दुपारी काही काम नव्हतं. साखरेचा डबा बघितला, त्यात तरी काय बघायचं.

२५ जाने., रवि.
दत्ता सकाळी म्हणाला, "आई, खोलीवाल्याला उद्या कळवायचंय. काय ठरलं?" म्हटलं, सांगते.
तांदूळ निवडायला जमिनीवर बसले, आता गुडघा धरलाय, उठता येईना. कुणाला कळू नये म्हणून रेखाला वही घेऊन बोलावलं, बसल्याबसल्या लिहून होईल. दत्तानं बघितलंच. आला आणि सरळ काखेत हात घालून ओढायला लागला. खांद्यातून कळ आली. सोड म्हटलं.
आता वंदना आलीय. पदर खोचलाय. हात पुढं नाही.
"आजी, कुठं धरू?"
रेखा मान खाली घालून लिहितेय. हसतेय, मला दिसतंय. दत्ता दारात. तिघं थांबलेत.
मी अजून सांगितलेलं नाही. लिही, विचार करतेय म्हणावं. दत्तालाही खोलीचं तेच सांग.