वहिनींचा दुसरा डोळा

मस्तगड, जालना
मार्गशीर्ष वद्य ५, फसली १३५३

तीर्थरूप सोनूवहिनींच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या दिराचा, पुंजारामाचा, नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. तुमची खबर रखमाजीकडून कळली. तो परवा केदारखेड्याहून कापूस घेऊन बाजाराला आला होता. हे पत्र तुम्हाला दादाच वाचून दाखवतील. दादा, तुम्हाला मधलं गाळून वाचायची सवय आहे. आज एक अक्षर गाळू नका.

आमच्या डॉक्टरी शाळेला नवे मोठे साहेब आलेत, गयासोद्दीनसाहेब. चार महिन्यांत त्यांनी आम्हा मास्तरांना पार हलवून सोडलं. आल्या आल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकं टाकली, का तर रोग्यांनी उन्हात ताटकळायचं नाही. आता दर गुरुवारी एक रोगी खुर्चीवर बसतो आणि आम्ही सगळे, मास्तर आणि पोरं, खाली सतरंजीवर. "आज हे उस्ताद," साहेब म्हणतात. "आजार किताबात बराबर लिहिलाय. आजारी माणूस कुठं लिहिलाय?" बारा वर्षं शिकवणारा मी, पहिल्यांदा खाली बसताना गालातल्या गालात हसलो होतो.

गेल्या गुरुवारी धावड्याच्या झुंबरबाई बसल्या. म्हणाल्या, "दोनदा आल्ते. ह्या डाक्टरांनी कागद पाह्यला, माझ्याकडं बघितलंच न्हाई. मंग तिसऱ्या खेपेला पाय कापावा लागला." साहेबांनी विचारलं, असं आणखी कोणाच्या हातून झालंय? मी उठलो आणि सांगितलं.

त्यापुढचं लिहिताना दोन कागद फाडले. वहिनी, रखमाजी म्हणाला, राहिलेल्या डोळ्यात आता मोतीबिंदू उतरलाय, तुम्ही चूल चाचपून पेटवता. आणि जालन्याच्या दवाखान्याचं नाव काढलं की उठून जाता. दादांना त्याचं कोडं पडलंय. मला नाही.

दादा, आता मोठ्यानं वाचा. सात वर्षांमागं खळ्यावर वहिनींच्या डोळ्यात ज्वारीचं कुसळ गेलं, तेव्हा तुम्ही त्यांना माझ्याकडं धाडलं होतं. त्या आल्या होत्या. दवाखाना उघडा होता. हैदराबादेहून बडे साहेब पाहणीला आलेले, आणि मी कडक इस्त्रीच्या कोटात त्यांच्या मागंमागं. रांगेतून वहिनींनी हाक मारली, "पुंजा, मी आलेय रे!" एका साहेबानं विचारलं, ओळखीच्या आहेत? मी नाही म्हणालो. वर वहिनींनाच म्हणालो, "बाई, रांगेत बसा."

संध्याकाळी शोधायला गेलो, तर त्या निघून गेलेल्या. आठवड्यात डोळा गेला. घरी त्यांनी तुम्हाला सांगितलं, दवाखाना बंद होता.

वहिनी, आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा. तुम्ही स्वतःच नव्या नवरी होता, तरी मला मांडीवर घेऊन जेवू घातलंत. त्या बाईला मी ओळख दिली नाही. आणि तुम्ही सात वर्षं माझी अब्रू पदराखाली झाकून ठेवलीत. भावाच्या घरी मला आजवर मानानं पाट मिळाला तो तुमच्यामुळं. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. जन्मभर डोक्यावर राहू देत.

मला वाटलं, साहेब मला काढूनच टाकतील. ते एवढंच म्हणाले, "आम्हाला सांगून काय फायदा, मास्तर? ज्यांचं गेलं त्यांना सांगा. आणि बाईंना जल्दी आणा. मोतीबिंदू मी स्वतः काढतो." पिकला असेल तर नजर परत यायची आशा आहे म्हणाले. त्या माणसाचं देव भलं करो. इतकी वर्षं घशात अडकलेलं त्यांनी बाहेर काढलं.

सोमवारी मी गाडी घेऊन येतो. दादा, तुम्हाला हात उचलायचा असेल तर उचला, मी मान खाली घालून उभा राहीन. पण वहिनींना थांबवू नका. वहिनी, दिसायला लागलं की एका गुरुवारी त्या खुर्चीवर बसा आणि माझं नाव घेऊन सगळं सांगा. आमची पोरं त्यातून जे शिकतील ते माझ्याकडून शिकणार नाहीत.

मी दारातून हाक मारीन. ओळख द्यावीशी वाटली नाही, तरी गाडीत बसा.

तुमच्या हातचं खाऊन मोठा झालेला,
पुंजाराम