मालीच्या गाण्याला नऊ गुण

१० जून

चि. बडबडे,
अनेक आशीर्वाद.

पत्र आणि पेनड्राइव्ह पोचला. आम्ही दोघं ठीक. काकू म्हणते, पोरगी पानं भरभरून लिहिते, पण जेवणखाणाचं एक अक्षर नाही. तेवढं कळव, म्हणजे माझ्यामागची भुणभुण थांबेल.

नेहमीप्रमाणे गुण देतो. ब्राझीलच्या गाण्याला सात. फिनलंडच्या केसाळ मंडळींना सहा. एवढं बोंबलून त्यांचे घसे कसे टिकतात कोण जाणे. तिसरं, ते आफ्रिकेतल्या मालीचं, मात्र झकास. काय गिटार वाजवलीय गड्याने. दहापैकी नऊ. दहावा राखून ठेवलाय, नाहीतर तू शेफारशील. कारखान्यात शिलाई मशीनं दुरुस्त करताना दिवसभर तेच डोक्यात घोळत होतं.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मला सुचत नाही, पत्रात कसं निवांत बोलता येतं.

माया आहे तशीच आहे, तूही पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा काका


१९ जून

ती. काकांना,
सा. न., पण आज वि. वि. नाही, भांडण आहे.

ज्या गाण्याला तुम्ही नऊ गुण दिलेत ते पेनड्राइव्हवर नव्हतंच. आमच्या दातांच्या दवाखान्यातला एक्स-रेवाला मला गाणी भरून देतो. काल तो ओशाळून सांगत आला की तिसऱ्याचं नुसतं नाव गेलंय, आत सगळं रिकामं. मी तुमचं पत्र काढून मोठ्याने वाचून दाखवलं. डॉक्टरीणबाईंसकट सगळे पोट धरून हसले. एक्स-रेवाला म्हणाला, तुझे काका थेट मालीला जाऊन ऐकून आले असतील. मीही हसले.

घरी आल्यावर मात्र फार लागलं. इतकी वर्षं मी गाणी पाठवतेय आणि तुम्ही ती लावतसुद्धा नाही? कंटाळा आला असेल तर तसं सांगायचं. रेडिओवर परदेशी स्टेशनं शोधायला मला तुम्हीच शिकवलंत, आणि मलाच गोड बोलून गुंडाळायचं? मी काय परकी आहे?

काकूला सांगा, मी पोटभर जेवते. लोभ आहे, पण सध्या रुसून बसलाय.
तुमची बडबडी


२७ जून

चि. बडबडे,
आशीर्वाद.

हे पत्र लिहून फाडलं, परत लिहायला घेतलं.

गाणी मी लावतो. सगळी लावतो. मला ती ऐकू येत नाहीत. डावा कान गेलाच आहे, उजव्याला काकू अगदी जवळ येऊन बोलली तर कळतं. म्हणून स्पीकरवर हात ठेवून बसतो, थरथर लागते तेवढीच. तिसऱ्याला काहीच लागलं नाही, तेव्हा वाटलं, संथ असेल. तू लिहिलं होतंस, यातली गिटार तुम्हाला आवडणारच. म्हणून नऊ दिले.

काकूशिवाय कुणाला माहीत नाही. नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड सांगणारा म्हणून कारखान्यात माझं नाव. आता हाताने चाचपून सांगतो आणि कुणी काही म्हटलं की मान डोलावतो. परवा शिवणकाम करणारी एक बाई ‘मशीन बंद करा’ म्हणून ओरडली. तिचं बोट सुईखाली, आणि मी बटणापाशी, तिच्याकडे पाठ करून उभा. शेजारणीने बटण दाबलं म्हणून ती वाचली. उद्या साहेबांना सांगणार आहे. काढलं तर काढलं.

तुझ्याशी खोटं बोललो याची फार लाज वाटते. बहिऱ्याला गाणी कोण पाठवणार? ती थांबली की पत्रंही थांबतील, अशी भीती होती. तुम्ही हसलात त्यात गैर काही नाही, हसण्यासारखंच होतं. आता गाणी पाठवू नकोस. पत्र येऊ दे.

मायेत कमी करू नकोस, एवढंच मागतो.
काका


४ जुलै

ती. काकांना,
नमस्कार. पायांवर डोकं ठेवून.

तुमचं पत्र दवाखान्यातच वाचलं. काकांनी या वेळी कुणाला किती दिले, असं डॉक्टरीणबाईंनी हसत विचारलं. मी सांगितलं की माझ्या काकांना ऐकू येत नाही आणि त्या दिवशी आपण त्यांना हसलो. एक्स-रेवाला मान खाली घालून निघून गेला.

मग ठरवलं की गाणी लिहून पाठवायची. कधी काय वाजतं, आवाज कुठे चढतो, सगळं. तुम्हाला पाठवलेली जुनी गाणी काढून बसले, तर एकही ओळखीचं वाटेना. काका, मी ती ऐकलीच नव्हती. एक्स-रेवाला भरून द्यायचा, त्याने सांगितलेले दोन शब्द मी पत्रात उतरवायची आणि पाकीट टपालात टाकायची. ऐकली असती तर रिकामं गाणं तुमच्यापर्यंत आलंच नसतं. तुम्ही निदान हात ठेवून बसत होतात. आणि लावत नाही म्हणून जाब मी तुम्हाला विचारला. मला तोंड दाखवायला जागा नाही.

साहेब काय म्हणाले, ते कळवा. शनिवारी मी येतेय, कानाच्या डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ. सोबत एकच गाणं पाठवलंय, आइसलंडचं. आधी नुसता ढोल, सावकाश, तो हाताला लागेल. मग एक मुलगी गायला लागते, फार हळू, आणि मध्येच गाणं सोडून जणू कुणाचीतरी वाट बघत थांबते. ढोल चालूच राहतो. पुन्हा गायला लागते तेव्हा तिचा आवाज थोडा कापतो. हे मी शेवटपर्यंत ऐकलंय.

लोभ ठेवा असं लिहायला हात धजत नाही. तरी ठेवा.
तुमची बडबडी