नेट जोडायच्या आधी

सोमवार, ४ मार्च

आला एकदाचा! दुकानातल्या माणसानं कॉम्प्युटर खिडकीजवळच्या टेबलावर बसवला, वायरी खोचल्या आणि लगेच म्हणतो, "मॅडम, मोबाइलवरून जरा नेट द्या, दोन मिनिटांत सगळं चालू करून देतो." मी एवढ्या जोरात "नको!" म्हणाले की त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. बिचारा! त्याला काय माहीत. वायफायची ती बोटभर कांडी मागे लावलेली होती, तीसुद्धा काढायला लावली. आता ती बटणांच्या डब्यात आहे. जोवर ती डब्यात, तोवर हा नुसता टाइपरायटर. बाहेरचं कुणी आत येऊ शकत नाही.

जाताना तो हसत म्हणाला, "एवढं काय लपवायचंय तुम्हाला?"

काय लपवायचंय? पत्ता. मी आणि पिल्लू कुठं राहतो, एवढंच.

मंगळवार, ५ मार्च

संपादकबाईंचा फोन. "अठरा तारखेपासून धडे पाठवते. तोवर नेट झालं पाहिजे हं, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल." झालं पाहिजे म्हणजे झालंच पाहिजे. शाळेच्या पुस्तकांतल्या चुका काढण्याशिवाय मला येतं तरी काय? आणि माझ्या भीतीवर पिल्लूचं पोट भरत नाही.

मग लागले कामाला. कॉम्प्युटरवर मालकाचं खातं वेगळं, रोजच्या कामाचं वेगळं. रोजच्या खात्यातून काही म्हणजे काही बसवता येणार नाही. कुणी शिरलंच तरी बाहेरच्या खोलीपर्यंतच! पासवर्ड इतका लांब घेतलाय की भाजी चिरताना पाठ करत होते. त्यात ना वाढदिवस, ना पिल्लूचं नाव, ना आईचं माहेरचं आडनाव. ते सगळं पिल्लूच्या बाबाला तोंडपाठ आहे.

गुरुवार, ७ मार्च

हातानं लिहायची सवयच गेलीय. अक्षर बघा — कोंबडीचे पाय! पण लिहिणार. कागदावर त्याचा हात कधी चालला नाही.

लोकांचे कॉम्प्युटर बसवून देणं हाच त्याचा धंदा. मग घरचा कसा सुटेल! मी ताईला लिहिलं होतं, पाठ दुखतेय गं फार. संध्याकाळी हा मलम घेऊन हजर. "तुला कसं कळलं?" तर म्हणे, "मी आहे ना!" पहिली दोन वर्षं मला ते प्रेम वाटलं. मूर्ख मी, दुसरं काय. घरच्या नेटला नावसुद्धा त्यानं तेच दिलं होतं — 'मी आहे ना'. पाहुण्यांना केवढं कौतुक त्याचं!

मग कळायला लागलं. ताईला काय लिहिते, काय शोधते, किती वेळ गप्प बसते, सगळं त्याला माहीत. मारलं कधी नाही. आवाजही चढवला नाही. म्हणून तर कुणाला पटत नाही. आई म्हणाली होती, "इतकी काळजी घेणारा नवरा मिळायला नशीब लागतं." घे म्हणावं तुला!

शुक्रवार, ८ मार्च

वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरून अँटिव्हायरस पेन ड्राइव्हवर उतरवून आणला आणि बसवला. लांबून कुणीतरी येऊन मदत करायची सोय असते — ती आधीपासूनच चालू होती! बंद. फाइली वाटून घ्यायची सोय — बंद. फायरवॉल चालू. कॅमेरा तर घेतलाच नाही. दुधानं तोंड पोळलंय, ताकही फुंकूनच पिणार.

वरच्या खोलीत नवा भाडेकरू आलाय. दुपारभर खाट सरकवत होता. घरमालकीणबाई भलत्याच खूश. "एकटाच आहे हो. गडबड नाही, गोंधळ नाही. स्वतःहून विचारलं, खालच्यांना माझा त्रास नाही ना होणार? अशी माणसं राहिलीत कुठं आता!" मीही मान डोलावली.

रविवार, १० मार्च

पिल्लू दात घासता घासता खोलीभर फिरत होती. म्हटलं, एका जागी उभी राहा की गं, सगळीकडे फेस! तर तोंडात ब्रश तसाच ठेवून म्हणते, "आई, वरचे पण फिरतात. ऐक ना. बाबांसारखे."

ऐकलं. दारापासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून दारापर्यंत.

मनात पाल चुकचुकली. मग स्वतःचाच राग आला. अर्धं जग दात घासताना फिरतं! राग काढला मात्र पोरीवर. "पुन्हा असलं काही बोललीस तर बघ!" ती रडली. मग मी रडले. छान गेला रविवार.

सोमवार, ११ मार्च

जिन्यात वरच्याच्या चपला दिसल्या. नव्याकोऱ्या, साध्या. तो असल्या चपला मेला तरी घालायचा नाही. हुश्श!

बुधवार, १३ मार्च

नेटवाला राउटरचा डबा भिंतीवर ठोकून गेला. बाहेरची तार मी अजून लावलेली नाही. आधी डब्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला, मगच बाकीचं. नेटला नाव काय द्यावं? खूप विचार करून 'भांडी' ठेवलं. भांड्यांत कुणाला काय रस! एकटीच हसले.

पण एक गोष्ट लिहूनच ठेवते. मी टेबलाशी बसायला खुर्ची ओढली, तर वरही खुर्ची ओढल्याचा आवाज आला. उठले, तर वरही कुणी उठलं. योगायोग असेल. मग मुद्दाम न बसता नुसतीच खुर्ची ओढली. वर ओढली गेली. मग मी बराच वेळ हललेच नाही. वरही अगदी चिडीचूप.

घरमालकीणबाई म्हणतात, जुनं घर आहे, खालचा आवाज वर घुमतो. असेल. घुमत असेल.

गुरुवार, १४ मार्च

ताईचा फोन. मी आपली फुशारकीनं सांगतेय — हे बंद केलं, ते बंद केलं, तूही कर बाई तुझ्या कॉम्प्युटरवर. तर म्हणे, "माझा मस्त चाललाय की. बसवून दिल्यापासून एकदासुद्धा बिघडला नाही."

"कुणी बसवून दिला होता, ताई?"



"त्यानंच गं... पण त्याला किती वर्षं झाली!"

हे घर ताईनंच शोधलं. त्याच कॉम्प्युटरवर. घरमालकीणबाईंना पत्र तिनंच लिहिलं, पत्ता, खोल्यांचे फोटो, सगळं तिथूनच आलं-गेलं. मी माझ्या दाराला कुलपांवर कुलपं लावत बसले आणि ताईच्या घराची खिडकी सताड उघडी! बैल गेला आणि झोपा केला.

ताई हुंदके द्यायला लागली. "माझ्यामुळं गं सगळं..." तिलाच समजावलं. म्हटलं, त्याला कळलं असतं तर एव्हाना दारात येऊन उभा राहिला असता. आला का? नाही ना? मग!

फोन ठेवला आणि वाटलं, पण दारात येऊन उभं राहणं त्याच्या स्वभावातच नाही.

शुक्रवार, १५ मार्च

पिल्लूला शाळेतून दुसऱ्या रस्त्यानं आणलं. सारखी मागे वळून बघत होते. मागे कुणीच नव्हतं. तरी घर जवळ आलं तशी भीती वाढतच गेली.

शनिवार, १६ मार्च, सकाळ

कांडी बटणांच्या डब्यातून काढली. लावली. आसपासच्या सगळ्या नेटांची नावं आली. 'भांडी'. समोरचा दवाखाना. शिंप्याचं दुकान. प्रत्येकापुढं कुलपाची खूण.

आणि सगळ्यांत वर, सगळ्या रेषा भरलेल्या — 'मी आहे ना'.

त्याच्यापुढं कुलूप नाही. उघडंच ठेवलंय.

पिल्लू दात घासत फिरतेय. वर पावलं. ती वळली की वळतात. मघाशी ती थांबली. वरही थांबलं.

बॅगेत कपडे कोंबतेय. तिच्या कानात सांगितलंय — थांबू नकोस राणी, आईची बॅग भरेपर्यंत फिरत राहा.