शेटच्या शेल्यावरचं झाड

शैलाताईस दिगूचा लांबून पण मनापासून नमस्कार.

मी बरा आहे. तव्याने भाजलेल्या हाताची जखम सुकत आलीय, आईला सांगू नको. तुझे डोळे अजून झोंबतात का?

फोनवर बोललो नाही, तुझ्या शेटच्या कारखान्यात सगळे कान देऊन असतात. तू साडीवर विणलेला मोर त्याने प्रदर्शनात सुनेच्या नावावर लावला, बक्षीसही तिनेच घेतलं. तिला मागावर नीट बसता तरी येतं का? आणि आता त्या टकल्या शेटच्या साठीच्या सत्काराचा शेला तूच विणायचा! आईकडून ऐकलं तेव्हापासून अंगाची आग होतेय.

इथे जपानात, एदोगावाच्या आमच्या हॉटेलात उंबू भांडी घासतो. तो इंडोनेशियातल्या सुंबा बेटावरचा. आजीने विणलेली खांद्यावरची चादर त्याने मला दाखवली. त्यावर घोडा म्हणजे मोठेपणा, मगर म्हणजे राजा. मधोमध एक झाड, आणि त्याला फळं धरावीत तशी माणसांची डोकी. पूर्वी दुश्मनांची डोकी गावात अशीच टांगायचे म्हणे.

"जिंकलो, त्याची खूण," उंबू हसत म्हणाला.

तेच झाड कागदावर काढून सोबत धाडलंय. शेल्याच्या पदरावर विण. कुणी विचारलं तर आंबा म्हण. शेट ते खांद्यावर मिरवेल, लोक टाळ्या वाजवतील, आणि खरं आपल्या दोघांनाच ठाऊक असेल.

तू नको म्हणशील, मला माहीत आहे. पाप वाटलं तर बाकीची डोकी गाळ. खालच्या फांदीवरचं एकच ठेव, पण ते टकलं विण.

आईला जप.

तुझ्या मोराचा राखणदार,
दिगू